तांब्यावर कोरलेलं घर

२ सप्टेंबर १६४५. हेग शहराची शेवटची घरं मागे टाकून तुम्ही पूर्वेकडे रानातून चालत आला आहात. ओक आणि बीचच्या झाडांखालची जमीन वाळूची आहे. समुद्र जवळ आहे आणि हे रानच मुळात जुन्या वाळूच्या पट्ट्यावर वाढलेलं आहे. झाडं विरळ होतात तिथं दोऱ्या ताणून जागा आखलेली दिसते. पायाचे चर खणले आहेत, हवेत चुन्याचा वास आहे. आज पहिला दगड बसायचा आहे आणि तो बसवणारी बाई राणी आहे: बोहेमियाची एलिझाबेथ, राज्य गमावून १६२१ पासून हेगमध्ये आश्रयाला राहिलेली.

घर मात्र तिचं नाही, अमालिया फान सोल्म्सचं आहे. ही अमालिया एके काळी याच एलिझाबेथच्या पदरी होती. १६२५ मध्ये ऑरेंज घराण्याच्या फ्रेडरिक हेन्ड्रिकशी तिचं लग्न झालं. तो डच प्रजासत्ताकाचा स्टॅडहोल्डर, म्हणजे प्रांतांचा लष्करी आणि राजकीय प्रमुख. मुकुट नसलेला, पण दरबार असलेला माणूस. शहराच्या गजबजाटापासून दूर, उन्हाळ्यात येऊन राहायला अमालियाला रानातलं घर हवं आहे. पुढे लोक त्याला ‘हाउस तेन बॉस’ म्हणतील. आज त्याला एवढंसुद्धा नाव नाही.

गर्दीत सदतीस वर्षांच्या एका माणसाला शोधा. हार्लेमचा पीटर पोस्ट. आधी चित्रकार, आता स्टॅडहोल्डरचा वास्तुकार. त्याचा धाकटा भाऊ फ्रान्स ब्राझीलला जाऊन तिथली निसर्गचित्रं काढून आला; पीटर घरी राहिला आणि रेषांकडून भिंतींकडे वळला. त्यानं काढलेल्या तळनकाशाची कल्पना साधी आणि धीट आहे. घराच्या मध्यभागी उंच घुमटाखाली फुलीच्या आकाराचं एक दालन, आणि त्याच्या दोन्ही अंगांना आरशातल्यासारख्या जुळणाऱ्या खोल्यांच्या रांगा.

ही कल्पना आली कुठून? इटलीतून, आणि तीही पुस्तकांच्या पानांवरून. पल्लाडिओनं १५७० मध्ये आणि स्कामोत्सीनं १६१५ मध्ये व्हेनिसमध्ये वास्तुकलेवरचे जे ग्रंथ छापले, त्यांत घरं तीन प्रकारे दाखवली होती: वरून पाहिलेला तळनकाशा, समोरून मोजून काढलेली दर्शनी बाजू आणि मधोमध उभा कापलेला छेद. अक्षर न वाचता येणाऱ्या गवंड्यालाही या तीन चित्रांवरून घर कळतं. आल्प्सच्या पलीकडची उन्हातली घरं कागदावर बसून उत्तरेच्या या ओलसर सपाट देशात पोचली, आणि पोस्टच्या पिढीनं ती विटांत उतरवली. तुमच्यासमोर आज जो पाया घातला जातो आहे, त्याचे पूर्वज छापील आहेत.

आता दोन वर्षं पुढे सरका.

१४ मार्च १६४७. फ्रेडरिक हेन्ड्रिक वारला. १० मे रोजी त्याची अंत्ययात्रा हेगहून डेल्फ्टला गेली. पोस्टनं त्या मिरवणुकीची चित्रं काढली आणि पीटर नोल्पे या कोरक्यानं ती तांब्यावर कोरली. १६५१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांनी ती यात्रा पाहिली नव्हती, त्यांच्यासमोरूनही आता काळे झगे घातलेले लोक पानामागून पान चालत जाऊ लागले. छापील चित्र काय करू शकतं हे अमालियाच्या दरबाराला इथं नीट उमगलं असावं.

रानातल्या घराचं काम मात्र थांबलं नाही, त्याचा अर्थ बदलला. विश्रांतीसाठी आखलेलं मधलं दालन आता नवऱ्याचं स्मारक होणार होतं. अमालियानं दोन माणसं कामाला लावली: चित्रकार-वास्तुकार याकोब फान काम्पेन आणि ऑरेंज घराण्याचा चिटणीस, कवी कॉन्स्टान्टाइन हायगेन्स. कुठल्या भिंतीवर कोणता प्रसंग यावा, नजर कुठून सुरू होऊन कुठे थांबावी, हे त्यांनी ठरवलं. डझनभर चित्रकार कामाला लागले.

१६५२ साली तुम्ही त्या दालनात पाऊल टाका. डोळ्यांना आधी काहीच सुटं दिसत नाही. जमिनीच्या जरा वरपासून घुमटापर्यंत भिंत शिल्लकच ठेवलेली नाही, सगळी चित्रंच आहेत. कर्णे, घोडे, फळांचे हारे, लढाईहून परतणारे लोक. समोर अँटवर्पच्या याकोब योर्दान्सचा भव्य कॅनव्हास आहे, लांबी-रुंदी दोन्ही सात मीटरच्या वर. सोनेरी रथात बसून फ्रेडरिक हेन्ड्रिक तुमच्याकडेच येतो आहे. हा माणूस आयुष्यभर स्पेनशी लढला, आणि त्याचा विजय रंगवतो आहे स्पेनच्या अमलाखालच्या शहरातला चित्रकार. स्पेनशी झालेल्या १६४८ च्या तहानं हे शक्य केलं. आता मान वर करा. घुमटाच्या माथ्याशी अमालिया स्वतः आहे, विधवेच्या वेशात, हेरिट फान हॉन्टहॉर्स्टनं रंगवलेली. खालचा सगळा विजय तिच्या नजरेखाली आहे.

हे दालन पाहायला किती जण येणार? राजदूत, नातेवाईक, दरबारी मंडळी. आणि नेमक्या याच काळात घराण्याचे दिवस फिरले आहेत. मुलगा दुसरा विल्यम नोव्हेंबर १६५० मध्ये देवीच्या रोगानं गेला. नातू तिसरा विल्यम त्यानंतर आठ दिवसांनी जन्मला. हॉलंडनं नवा स्टॅडहोल्डर नेमलाच नाही. १६५४ मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या आग्रहाखातर हॉलंड प्रांतानं ठराव केला की ऑरेंज घराण्यातल्या कुणाला पुन्हा त्या पदावर बसवायचं नाही. तीन-चार वर्षांच्या एका पोराची वाट कागदावर बंद झाली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १६५५ मध्ये, रानातल्या त्या घराची चित्रं छापून बाहेर पडतात. शीर्षकात घराचं नाव आहे ‘ऑरेंजचं दालन’, आणि ते प्रिन्सेस अमालियानं बांधवलं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आरेखन पीटर पोस्टचं, कोरीव काम यान माथाइसचं. पद गेलेल्या घराण्यानं आपलं नाव मोजपट्टीसकट जगापुढे ठेवलं. या पानांत एकही घोषणा नाही, तरी ती राजकारणापासून अलिप्त होती असं मला वाटत नाही.

चला, कोरक्याच्या कामाच्या जागी जाऊ.

खिडकीवर तेलकट कागद ताणून लावला आहे, म्हणजे ऊन थेट तांब्यावर पडून डोळे दिपणार नाहीत. टेबलावर तांब्याचा पत्रा आहे, हातोड्यानं ठोकून घट्ट केलेला आणि घासून लख्ख केलेला. या काळात युरोपातलं बरंचसं तांबं स्वीडनमधल्या फालुनच्या खाणीतून येतं आणि ॲमस्टरडॅमच्या बाजारातून पुढे जातं. काम करण्याच्या दोन रीती आहेत, आणि वास्तुचित्रात बहुधा दोन्ही वापरतात. एका रीतीत पत्रा तापवून त्यावर मेण-राळेचा पातळ थर देतात, सुईनं रेषा ओढून थर खरवडतात आणि मग तेजाब ओततात. जिथं तांबं उघडं पडलं तिथं तेजाब ते खातं. दुसऱ्या रीतीत पोलादी कोरणी हाताच्या तळव्यानं पुढे रेटून सरळ धातूतच रेषा कोरतात. वक्र रेषा हवी असेल तर कोरणी वळवायची नसते, चामड्याच्या उशीवर ठेवलेला पत्राच फिरवायचा असतो.

माथाइसच्या खांद्यावरून नीट बघा. तो सगळं उलटं कोरतो आहे. छापताना डावं उजवीकडे जाणार, म्हणून अक्षरंही आरशात दिसावीत तशी लिहितो. पण खिडक्या, पायऱ्या, घुमट यांच्यासाठी त्याला हा त्रास फारसा नाही, कारण पोस्टचं घर मधल्या रेषेभोवती दोन्हीकडे सारखंच आहे. उलटं केलं तरी तेच दिसतं. अवघड जागा आहे सावलीची. डाव्या वरच्या बाजूनं उजेड येतो असं धरून खिडक्यांच्या खाचा आणि छज्ज्याखालची पट्टी गडद करायची, तर त्यासाठी तांब्यावर उजेड उजवीकडून आला पाहिजे. एका छज्ज्याखाली चूक झाली तर सगळी भिंत सपाट दिसेल. म्हणून तो आधी सावल्या ठरवतो, मग विटा.

आता छापण्याकडे या. पत्रा निखाऱ्यांवर जरा ऊबदार करून काळी तेलकट शाई त्याच्यावर घासतात. मग वरची शाई कापडानं आणि शेवटी खडूची पूड लावलेल्या तळहातानं पुसून काढतात. शाई फक्त कोरलेल्या चरांत राहिली पाहिजे. कागद आदल्या दिवशीच ओला करून ठेवलेला असतो. पत्रा, त्यावर कागद, त्यावर लोकरीच्या घोंगड्या, आणि हे सगळं दोन जाड लाकडी रुळांच्या मधून ओढायचं. चरकाचे दांडे नुसत्या हातांच्या जोरानं हलत नाहीत. छापणारा अक्षरशः त्यांवर चढतो. मऊ झालेला कागद चरांत शिरून शाई ओढून घेतो. कागद सोलून काढताच घर सुलटं होतं.

त्या ओल्या पानावरून हलकेच बोट फिरवता आलं असतं तर तुम्हाला रेषा टेकाडासारख्या लागल्या असत्या. चित्राभोवती पत्र्याची कड कागदात खोल दबून चौकट उमटली आहे. अशा पत्र्यावरून काही शे चांगल्या छाप निघतात. त्यानंतर प्रत्येक वेळी पुसण्यानं आणि दाबानं तांबं झिजतं, बारीक रेषा फिकट होतात, खिडक्यांच्या आतला काळोख करडा पडतो. आज जे जुन्या छाप शोधतात ते म्हणूनच आधी काळोख बघतात: तो दाट असेल तर छाप सुरुवातीची. मग पान उजेडात धरून कागद बनवणाऱ्याच्या जाळीच्या समांतर रेषा आणि जलचिन्ह बघतात, आणि समास कुणी कापले नाहीत ना याची खात्री करतात. कापायला कारण असायचं. लोकांना हे चौकटीत बसवून भिंतीवर हवं होतं; संच फुटायचे, घराची दर्शनी बाजू एका घरात आणि तळनकाशा दुसऱ्या घरात जायचा. जुने पत्रे बऱ्याचदा तांब्याच्या भावानं विकून वितळवलेही जायचे. पूर्ण संच दुर्मीळ असण्याचं हे साधं कारण आहे.

पान टेबलावर पसरा. घाई करू नका.

आधी खाली बघा: एक आडवी मापपट्टी, फुटांत विभागलेली. तो फूट ऱ्हाइनलँडचा, आपल्या मापानं सुमारे ३१.४ सेंटिमीटर. कर्कटकाच्या दोन टोकांत ही पट्टी पकडायची आणि मग चित्रावर कुठेही चालायचं. दालन किती रुंद, दार किती उंच, भिंत किती जाड, सगळं तुमच्या बोटांत येतं. तुम्हाला कुणी आत बोलावलेलं नाही, तरी तुम्ही घर मोजत आहात. अमालियाच्या शयनगृहाच्या दारापाशी राजदूत थांबवला जाईल, लायडनमधल्या विद्यार्थ्याचं कर्कटक थांबवलं जाणार नाही.

आता छेदचित्र घ्या. पोस्टनं घर मधोमध उभं कापून अर्धं बाजूला ठेवलं आहे. तळाशी जमिनीत अर्धं बुडालेलं तळघर. त्याच्यावर मुख्य मजला, बाजूच्या खोल्या माफक उंचीच्या. आणि मधलं दालन मात्र सगळे मजले भेदून छपराच्याही वर जाऊन घुमटात थांबतं, तिथल्या खिडक्यांतून उजेड खाली सोडतं. प्रत्यक्ष दालनात उभं राहून हे दिसत नाही. तिथं चित्रांचा वैभवी कल्लोळ तुम्हाला गुंतवून ठेवतो. छेदात वैभव गळून पडतं आणि उरते विचाराची मांडणी: या घरातला प्रत्येक मजला आणि प्रत्येक तुळई त्या एका उंच रिकाम्या जागेला वाट करून देते. घर कशासाठी बांधलं हे तुम्हाला पत्र्यावरच्या पाच-सात सरळ रेषा सांगतात.

बागेचा नकाशाही आहे. घराचा मधला अक्ष दारातून बाहेर पडून बागेत तसाच पुढे जातो, दोन्ही बाजूंना ताटव्यांच्या जुळ्या आकृत्या पसरतात. रानाच्या मध्यभागी मोजून काढलेला एक आयत. माणसानं वाळूतून आणि पाण्यातून देश तयार केला, त्यामागचा विश्वास या आयतात दिसतो. याच १६५५ च्या मार्चमध्ये हेगमध्येच, त्या चिटणीस हायगेन्सचा मुलगा ख्रिस्तियन स्वतः घासलेल्या भिंगांतून शनीकडे बघतो आहे आणि त्याला टायटन हा चंद्र सापडतो आहे. बारकाईनं पाहणं आणि मोजणं, हा त्या शहराचा त्या काळचा स्वभाव होता.

इथून पुढे वेगानं चला. १७१५, लायडन. प्रकाशक पीटर फान देर आ पोस्टच्या इमारतींची चित्रं एकत्र करून मोठा ग्रंथ काढतो. पोस्टला जाऊन सेहेचाळीस वर्षं झाली आहेत. तो तिसरा विल्यम, ज्याची वाट बंद केली होती, स्टॅडहोल्डर होऊन इंग्लंडचा राजाही होऊन गेला आहे. १७३४. चौथ्या विल्यमसाठी वास्तुकार दानिएल मारो रानातल्या घराला दोन लांब पंख जोडायला सुरुवात करतो. दर्शनी बाजूचं रूप बदलतं. पोस्टचं आटोपशीर, फुलीसारख्या दालनाचं घर एका रुंद राजवाड्याच्या मध्यात दबून जातं. १८ मे १८९९. योर्दान्सच्या रथासमोर जगभरचे मुत्सद्दी बसले आहेत, पहिली हेग शांतता परिषद सुरू होते आहे. मग दुसरं महायुद्ध: रान तोडलं जातं, जर्मन सैन्य इथे रणगाडे अडवणारा खंदक खणतं, झाडांआडून लंडनवर व्ही-टू अस्त्रं सोडतं. ३ मार्च १९४५ ला ब्रिटिश विमानांनी या रानावर नेम धरला आणि बाँब शेजारच्या बेझाउडेनहाउट वस्तीवर पडले. पाचशेहून जास्त माणसं गेली. घर उभं राहिलं, पण जायबंदी होऊन. पन्नाशीच्या दशकात ते दुरुस्त झालं, आणि २०१९ पासून डच राजा तिथं राहतो.

या साऱ्या काळात १६५५ चं घर कुठं होतं? कागदावर. पंख जोडले जाण्याआधी पोस्टनं ज्या प्रमाणात ते कल्पिलं होतं, ते प्रमाण पाहायचं तर तुम्हाला माथाइसच्या पानांकडेच यावं लागतं. विटांना पुढच्या प्रत्येक मालकाची मर्जी सांभाळावी लागली, तांब्याला नाही.

आणि काही घरांना तर एवढंही नशीब लाभलं नाही. उत्तरेला बेमस्टरला चला. इथं १६१२ पर्यंत तळं होतं. ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी पैसे घातले, पवनचक्क्यांनी पाणी उपसलं, आणि तळाशी सरळ रस्त्यांचा चौकटीचा देश उघडा झाला, तो आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या चौकटीत १६४० च्या दशकात पोस्टनं अलेवाइन या श्रीमंत घराण्यासाठी एक ग्रामीण प्रासाद उभारला, फ्रेडेनबर्ख. उन्हाळ्यात बोटीनं यायचं, गाईगुरं बघायची, शेतीचा पैसा मोजायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाडलं गेलं. आज ते तिथं नाही. पण त्या घराचे तळनकाशे आणि दर्शनी चित्रं कोरून ठेवलेली आहेत, म्हणून तुम्ही आजही त्याच्या पायऱ्या चढू शकता, खोल्या मोजू शकता, हवं तर वीट न वीट पुन्हा रचू शकता.

त्याच प्रजासत्ताकाच्या व्यापाऱ्यांनी, त्याच दशकांत, आपल्या कोकणातही इमारत बांधली. वेंगुर्ल्याला डच कंपनीची वखार होती. तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. त्या भिंतींसमोर उभे राहा आणि मनातल्या मनात छप्पर चढवायचा प्रयत्न करा. किती उतार? कुठल्या खोलीत माल, कुठल्या खोलीत माणसं? पडलेल्या भागापाशी तुमची कल्पना अडखळते. हाउस तेन बॉसच्या पानांवर ती अडखळत नाही, कारण तिथं कुणीतरी घर ठणठणीत असतानाच प्रत्येक भिंतीची जाडी लिहून ठेवली.

ही पानं मला म्हणूनच फार मोलाची वाटतात. ती देखणी आहेत, दुर्मीळ आहेत, लिलावात चढ्या भावानं जातात, हे सगळं खरं. पण त्यांचं खरं सामर्थ्य त्या मापपट्टीत आहे. नुसतं चित्र घर कसं दिसत होतं ते सांगतं. मोजलेलं चित्र घर कसं बांधलं होतं ते सांगतं, आणि ज्याला तेवढं कळलं तो ते पुन्हा बांधू शकतो. तुमच्या गावात जुना वाडा असेल, ज्याच्या वारसांत वाटण्या चालू आहेत आणि ज्याच्या मागच्या सोप्याची तुळई वाकली आहे, तर फोटो जरूर काढा. पण त्याआधी टेप घेऊन जा. चौकाची लांबी, सोप्याची रुंदी, जोत्याची उंची, भिंतीची जाडी लिहा, कागदाच्या तळाशी मापपट्टी काढा आणि त्यावर आजची तारीख घाला. पोस्टनं आणि माथाइसनं केलं ते याहून फार वेगळं नव्हतं. त्यांनी ते घर उभं असताना केलं, एवढंच.